तिसऱ्या खांबामागे

त्या घरात संसदेवर ओलं फडकं वाळत घालायचं नाही, असा नियम होता. उच्च न्यायालयाच्या पायऱ्यांवर चहाचा कप ठेवायचा नाही, हा दुसरा. सचिवालय पलंगाखाली असल्यामुळे त्याला माणसांचा त्रास नव्हता, पण केर काढताना केरसुणी लागून लागून त्याचा घुमट एका बाजूने झिजला होता. राज्य ग्रंथालय कपाटावर होतं. त्याच्या अंगणात धाकटीने औषधाच्या बाटल्या मांडल्या होत्या, कारण तिच्या म्हणण्याप्रमाणे घरात तेवढीच सपाट जागा उरली होती.

यांतली एकही इमारत कुठे उभी राहिली नाही. सगळ्या भाऊजींनी स्पर्धांसाठी कागदावर काढल्या आणि वहिनींनी पुठ्ठ्यात बांधल्या.

भाऊजी दिवसा नगरपालिकेत लोकांच्या घरांचे नकाशे तपासायचे. मोरीचा उतार बरोबर आहे का, संडासाला खिडकी ठेवली आहे का, शेजारच्याच्या भिंतीपासून अंतर सोडलं आहे का. लाल पेन्सिलीने खुणा करून करून त्यांचं बोट कायमचं तांबूस झालं होतं. संध्याकाळी घरी येऊन हातपाय धुतले की ते सभागृहं काढायला बसायचे. सरकारला मोठी इमारत बांधायची असली की कधी कधी स्पर्धा जाहीर होते. आराखडा पाठवायचा, सोबत इमारतीची प्रतिकृती द्यायची, पण नाव कुठेही घालायचं नाही. फक्त एक आकडा टाकायचा; त्या आकड्यापुढचा पत्ता आणि फोन तेवढा कचेरीतल्या कारकुनाच्या वहीत. नाव वेगळ्या बंद पाकिटात. परीक्षक निवड करतात आणि निवडलेल्यांचीच पाकिटं उघडतात. बाकीची जशीच्या तशी परत. भाऊजींची सगळी पाकिटं न उघडता घरी आली होती.

"इतकी वर्षं झाली, तुमचं नाव सरकारला कळलेलंच नाही," धाकटी म्हणायची. "एका अर्थी बरंच आहे म्हणा."

धाकटी म्हणजे भाऊजींची बायको. ती विमा कचेरीत कामाला होती, तोंडाने फटकळ आणि हिशेबाने चोख, आणि घर चालायचं ते तिच्यामुळे. वहिनी म्हणजे भाऊजींच्या थोरल्या भावाची बायको. थोरला जाऊन बरीच वर्षं झाली होती.

थोरला पुस्तकं बांधायचा. पुठ्ठा, कापड, गोंद यांत त्याचा जन्म गेला. भाऊजींची पहिली स्पर्धा लागली तेव्हा ते उच्च न्यायालयाचे कागद घेऊन भावाकडेच आले, कारण बाजारात प्रतिकृती करून देणाऱ्यांच्या दाराशी उभं राहण्याची त्यांची ऐपत नव्हती. थोरल्याने पुठ्ठा कापला, वहिनींनी शेजारी बसून पट्ट्या घासून गुळगुळीत केल्या. इमारत उभी राहिल्यावर थोरला लांब जाऊन बघत राहिला आणि म्हणाला, की हिच्यात माणूस नाही, त्यामुळे ही केवढी आहे तेच कळत नाही. डब्याचं झाकण म्हणूनही खपेल. मग त्याने टाचणीचा एक माणूस केला, तांदळाएवढा, त्याच्या डोक्यावर काळ्या कागदाची उघडी छत्री धरली आणि त्याला पायऱ्यांवर उभा केला.

थोरला स्वतः बारा महिने छत्री घेऊन फिरायचा. ऊन असो, ढग असो, काही नसो.

"हा तूच की," भाऊजी म्हणाले होते.

"मीच. पुठ्ठ्याच्या का होईना, पण न्यायालयाच्या पायरीवर गुन्हा न करता उभा राहिलो."

थोरला गेल्यावर वहिनी आपल्या भावाकडे राहायला जातील, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. खुद्द भावानेही धरलं होतं, आणि त्याचा चेहरा त्यामुळे उतरला होता. वहिनी मात्र एका संध्याकाळी भाऊजींपुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, नवीन काय काढलंय, दाखवा. ते सचिवालय होतं. खालची समोरची खोली तेव्हापासून त्यांची झाली. खिडकीशी टेबल, टेबलावर पाती, चिमटा, पॉलिशपेपर, आणि टेबलाच्या पायाशी रात्रीपुरती गादी. घरात काम असलेली बाई आणि घरात ठेवून घेतलेली बाई यांत फरक असतो. तो वहिनींना कुणी शिकवावा लागला नाही.

भांड्यांच्या घासणीचे तुकडे हिरव्या रंगात बुडवून त्या झाडं करायच्या. धाकटीची त्यावर तक्रार असे, की या घरात भांडी घासायला घासणी नाही, पण न्यायालयापुढे बाग आहे. आणि प्रत्येक इमारतीच्या पायऱ्यांवर, सगळं झाल्यावर, अगदी शेवटी, छत्रीवाला. त्याबद्दल घरात कधी बोलणं झालं नाही. भाऊजी खोक्याचे स्क्रू आवळायच्या आधी एकदा पायऱ्यांकडे बघायचे आणि झाकण लावायचे.

हरण्याचीही एक सवय होते. खोकं परत यायचं, दारातच उघडलं जायचं. काय मोडलं, काय वाचलं ते वहिनी बघायच्या. पेपरात जिंकलेल्या इमारतीचं चित्र आलं की भाऊजी चष्मा वर करून ते न्याहाळायचे, "जिना चुकलाय" म्हणायचे आणि दाढी करायला जायचे. जिंकलेल्यांचंही फार काही बरं चालायचं असं नाही. एकदा तिघंजण बसने जाताना मध्येच उतरून त्या सचिवालयाची जागा बघून आली होती. कोनशिला होती. तिच्यावर कुणी तरी गोधडी वाळत घातली होती, आणि मागे कमरेएवढं गवत. सरकार बदललं होतं, नव्या सरकारला सचिवालय नको होतं. भाऊजी बराच वेळ गवताकडे बघत उभे राहिले.

"म्हणजे आम्ही बरोबरीत सुटलो," असं म्हणून ते परत बसथांब्याकडे चालू लागले.

मग धाकटीचा गुडघा गेला. आधी कुरकुरत होता, मग सुजायला लागला, मग डॉक्टरांनी सांगून टाकलं, की ऑपरेशन करा आणि त्यानंतर जिना विसरा. झोपायची खोली वर होती. खाली स्वयंपाकघर आणि वहिनींची ती समोरची खोली, एवढंच.

जेवताना धाकटीने विषय काढला. आवाज चढवला नाही, आणि तेच जास्त वाईट होतं. तिला खाली खोली लागणार होती. ती खोली रिकामी करायची म्हणजे टेबल, पुठ्ठे, सगळी सरकारं तिथून निघणार. वरचा जिना इतका चिंचोळा की टेबल वर जाणं शक्य नव्हतं. वहिनींनी ताटातलं कालवायचं थांबवलं नाही, पण काय कालवताहेत ते त्यांना दिसत नव्हतं.

भाऊजी चाचरत म्हणाले, नव्या विधानभवनाची स्पर्धा निघाली आहे.

धाकटीने त्यांच्याकडे पाहिलं, मग वहिनींकडे पाहिलं. नंतर कधी तरी ती कबूल करणार होती, की तिने वहिनींकडे पाहिलं नसतं तर पुढचं बोलली नसती.

"ही करा," ती म्हणाली. "पहिल्या निवडीत आलात तर मी ऑपरेशन पुढे ढकलते आणि वर्षभर रांगत जिना चढते. नाही आलात तर खोली माझी. आणि परत ती पेन्सिल मला घरात दिसता कामा नये."

वहिनींना या वयात दुसरं काही सुचलं नसतं म्हणून त्या कामाला लागल्या, असं म्हणता येईल. खरं तर त्या दमल्या होत्या. मान आखडायची, पातं धरलेलं बोट सकाळी उघडायचं नाही, आणि दुपारी एखादी पट्टी घासता घासता वाटायचं, पुरे झालं, आता कुणी तरी हे आपल्या हातातून काढून घ्यावं. आणि लगेच भीती वाटायची, की खरंच कुणी काढून घेईल.

भाऊजींचे कागद आले तेव्हा त्यांनी दोनदा उलटसुलट करून पाहिले.

"घुमट विसरलात का भाऊजी?"

"नाही. कंटाळलो घुमटांना."

इमारत बुटकी आणि लांब होती. मोठं दार, दारातून आत खांबांच्या रांगा, आणि छताला बारीक फटी, ज्यांतून उजेड आत उतरेल. बाहेरून बघणाऱ्याने बघून निघून जावं अशी साधी. वहिनींना ती आवडली की नाही हे त्यांनाही ठरवता येईना, पण खांब कापताना हात थांबत नव्हता.

एका संध्याकाळी भाऊजी दारात येऊन उभे राहिले. नियमात या वेळी एक नवीन ओळ घातली आहे, म्हणाले. कुणाचं काम आहे हे ओळखू येईल अशी कोणतीही खूण, चिन्ह, आकृती चालणार नाही. मग ते जरा घुटमळले.

"छत्रीवाला या वेळी नको, वहिनी."

"बरं," वहिनी म्हणाल्या.

आणि त्यांनी ठेवलाही नाही. पायऱ्यांवर साधी माणसं लावली, टाचण्यांची, रिकाम्या हातांची. इमारत पूर्ण झाली. उद्या खोकं बंद व्हायचं होतं. दुपारी घरात कुणी नव्हतं. वहिनी खुर्ची मागे सरकवून बघत बसल्या, आणि इतक्या माणसांत त्यांना एकही माणूस दिसेना. केवढी इमारत आहे तेच कळेना. त्यांनी एक टाचणी घेतली. छत्री या वेळी मिटलेली केली, काळा दोरा गुंडाळून, आणि त्याच्या हाताशी लावली. मग चिमट्यात धरून त्याला मोठ्या दारातून आत नेलं, तिसऱ्या खांबामागे उभा केला आणि गोंद वाळेपर्यंत चिमटा सोडला नाही. आत अंधार होता. टेबलावर गाल टेकून दारातून डोकावल्याशिवाय तो दिसला नसता, आणि परीक्षक लोक टेबलावर गाल टेकत नाहीत.

निवडलेले आकडे पेपरात आले त्यात भाऊजींचा आकडा होता.

त्यांनी तो तीनदा वाचला, मग पेपर धाकटीच्या हातात दिला, बाहेर जाऊन फाटकाची कडी उगाच काढून परत घातली आणि आत आले. धाकटीने गुडघ्यावर हात ठेवून पेपर वाचला. "म्हणजे आता मला चढायचं," ती म्हणाली, आणि त्या दिवशी प्रत्येक पायरीला एकेक शिवी मोजत, कठड्याला धरून, हसत वर गेली. भाऊजींनी त्या दिवशी दुसऱ्यांदा दाढी केली. वहिनी टेबल पुसत बसल्या. टेबल स्वच्छच होतं.

फोन आला तो पुढच्या आठवड्यात, संध्याकाळच्या चहाच्या वेळी. स्वयंपाकघरातून दोघींना फक्त भाऊजींचं बोलणं ऐकू येत होतं. हो, मीच. हो. अच्छा. मग, कोणती खूण? आणि शेवटी, नाही, तक्रार नाही, कळलं. त्यांनी फोन इतका अलगद ठेवला की ठेवल्याचा आवाजही आला नाही.

चहा ओतून झाला होता. भाऊजी येऊन बसले आणि त्यांनी सांगितलं. पाकिटं उघडायच्या आधीच परीक्षकांतल्या सर्वांत जुन्या माणसाने हात वर केला, की हे काम कुणाचं आहे ते मी ओळखतो. नाव ठाऊक नाही, पण हात ओळखतो. यांची इमारत मी पहिल्या स्पर्धेपासून बघत आलोय. खूण कोणती विचारल्यावर त्याने दाखवली. नियम म्हणजे नियम. प्रवेश रद्द.

धाकटीला आधी कळलंच नाही. मग तिने वहिनींकडे पाहिलं आणि तिला कळलं. ती तोंड उघडणार तेवढ्यात भाऊजींनी हात जरासा वर केला, आणि ती गप्प राहिली. असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

"कुठे ठेवलात?" भाऊजींनी विचारलं.

"आत. तिसऱ्या खांबामागे."

"छत्री?"

"मिटलेली."

भाऊजींनी मान हलवली. "बरोबर आहे. आत कशाला उघडी धरेल."

कपावर साय धरली. ते पुन्हा बोलले तेव्हा त्यांचा आवाज बदलला होता. त्यात राग असता तर वहिनींना सोपं गेलं असतं.

"बाहेरून तो दिसला नसता. मी खोकं बंद केलं, मला दिसला नाही. म्हणजे तो माणूस खाली वाकला असणार. पायऱ्यांवर नाही म्हटल्यावर त्याने शोधला असणार." त्यांनी कप बाजूला सरकवला. "इतक्या इमारती काढल्या मी, वहिनी. एकदाही कुणी म्हणालं नाही, की हे खांब कुणाचे ते मी ओळखतो. ओळखलं ते दादाला."

वहिनींच्या डोळ्यांना पाणी आलं नाही. त्यांना फक्त तिथून उठून जावंसं वाटलं, आणि जायला जागा ती समोरचीच खोली होती.

खोली रिकामी करायला त्यांनीच सुरुवात केली. कुणी सांगायची वाट पाहिली नाही. संसद, सचिवालय, ग्रंथालय, एकेक करून दाराशी लावलं. रद्दीवाल्याने पुठ्ठा कसला आहे ते नखाने खरवडून पाहिलं आणि गोंद फार आहे म्हणून नाक मुरडलं. प्रत्येक इमारतीच्या पायऱ्यांवरून वहिनी एक टाचणी उपटून घेत होत्या आणि काडेपेटीत टाकत होत्या. भाऊजी ते बघत दारात उभे होते. मदतीला आले नाहीत आणि आत गेलेही नाहीत. शेवटी म्हणाले, न्यायालयाचा जिना खरंच चुकला होता.

"तेव्हाच म्हणाले होते मी," वहिनी म्हणाल्या.

"तुम्ही नाही. दादा म्हणाला होता."

टेबल वर जाईना आणि बाहेर काढायला कुणाचं मन होईना, म्हणून ते खिडकीशीच राहिलं. औषधं ठेवायला उपयोगी पडेल, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं. वहिनींची गादी वर गेली. धाकटी ऑपरेशन करून घरी आली, पहिल्याच रात्री तिला उठवायला कुणी तरी लागलं, आणि गादी परत खाली आली. खोली गेली, गादी तिथेच. वहिनी आता दिवसभर पाणी, गोळ्या, शेक, उशी हे बघायच्या, आणि ज्याची त्यांना इतकी वर्षं भीती वाटत होती ते हेच का, असं मनात तपासून पाहायच्या. तेच होतं. पण भीती वाटायलाही जोर लागतो, आणि तेवढा जोर आता उरला नव्हता.

विधानभवनाचं खोकं उशिरा परत आलं. भाऊजींनी स्क्रू काढले. एक खांब हलला नव्हता, एक झाड पडलं नव्हतं. पायऱ्यांवरची साधी माणसं जागच्या जागी उभी होती. भाऊजींनी टॉर्च आणला, गुडघे टेकून बसले आणि मोठ्या दारातून आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"नाहीये," ते म्हणाले.

वहिनींनी टॉर्च घेतला. तिसऱ्या खांबामागे जमिनीवर गोंदाचा ठिपका होता, वर काही नव्हतं.

"वाटेत सुटला असेल," पलंगावरून धाकटी म्हणाली.

"मी चिकटवलेला सुटत नाही," वहिनी म्हणाल्या. त्यांच्या आवाजात कितीतरी दिवसांनी धार आली होती.

पुरावा म्हणून फायलीत लावला असेल, किंवा त्या म्हाताऱ्याने उचलून खिशात टाकला असेल. भाऊजी दोन्ही बोलून गेले आणि कोणतं खरं मानायचं ते न ठरवता नगरपालिकेत निघून गेले. तिथे कुणाच्या तरी मोरीचा उतार वाट पाहत होता.

रद्दीवाला पुन्हा येईपर्यंत विधानभवन कुठे ठेवायचं हा प्रश्न होता. माळा भरला होता. शेवटी वहिनींनी ते पलंगाशेजारच्या स्टुलावर ठेवलं. धाकटी कुशीवर वळून पडली होती. हलायचं नव्हतं, त्यामुळे समोर येईल ते बघणं भाग होतं. दुपारी वहिनी शेकाची पिशवी घेऊन आल्या तेव्हा ती तशीच बघत होती. तिची नजर नेमकी मोठ्या दाराच्या उंचीला आली होती. खिडकीचं ऊन छताच्या फटींतून आत उतरलं होतं आणि खांबांच्या मध्ये पट्ट्यापट्ट्यांनी पडलं होतं.

"वहिनी," ती म्हणाली, "आपण आजवर यांची नुसती छपरं पुसत आलो हो."

वहिनींनी पिशवी गुडघ्याखाली सरकवली.

"आत केवढं मोठं आहे," धाकटी म्हणाली. "आत शिरून शेवटपर्यंत चालत जावंसं वाटतं. आत्ता, या पायाने." मग लगेच, "यांना सांगू नका. उद्या परत पेन्सिल काढतील."

"नाही सांगत."

"तो ठिपका दिसतोय मला इथून. त्याला परत ठेवा ना तिथे."

"आता कशाला? कुठे पाठवायचंय?"

"कुठे नाही. दिवसभर मला याच हॉलकडे बघत पडायचंय. रिकामा बघवत नाही. आणि तुम्हीही अशा हात मांडीत ठेवून बसता ना, तेही बघवत नाही, खरं सांगते."

वहिनी उठल्या. टेबलावरच्या औषधाच्या बाटल्या त्यांनी एका कडेला सरकवल्या, आणि पुसायची गरज नसताना मोकळी झालेली जागा हाताने पुसली. काडेपेटी उघडली. आतले सगळे छत्र्या उघडून पडले होते. हॉलमधल्या माणसाची छत्री मिटलेली हवी. म्हणजे नवीन करावा लागणार. त्यांनी एक टाचणी उजेडात धरून पाहिली. बोट पूर्ण मिटत नव्हतं.

"आज मान धरलीय गं," त्या म्हणाल्या. "उद्या करते."

"उद्या करा," धाकटी डोळे मिटत म्हणाली. "मी कुठे पळून जातेय."